ताण रजेने उतरतो, बर्नआऊट उतरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नोकरदारांच्या ताणावर लेख आला आहे. त्यात ताण आणि बर्नआऊट, म्हणजे नोकरीत माणूस आतून पार विझून जाणे, एकाच माळेचे मणी धरून दोन्हींवर प्राणायाम, ध्यान आणि वर्षातून एक सहल असा उतारा सांगितला आहे. प्राणायामाबद्दल माझे काही म्हणणे नाही, मी स्वतः रोज सकाळी कमाटी बागेत करतो. पण बडोद्यातल्या शाखाशाखांतून बँकेची उभी नोकरी झाली. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि बर्नआऊटचा इलाज बव्हंशी दुखणेकऱ्याच्या हातात नसतो, हे मी जवळून पाहिले आहे.

नोटाबंदीचेच घ्या. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या आणि 10 तारखेला शटर वर जायच्या आधीच रांग कोपऱ्यापर्यंत पोचली होती. त्या आठवड्यात शनिवार-रविवारीही काउंटर चालू ठेवले. खंडेराव मार्केटमधले भाजीवाले पिशवीतून ओलसर, चुरगळलेल्या नोटा टेबलावर ओतायचे. मोजायचे मशीन त्या घेत नसे, मग कॅशियर एकेक नोट तळहाताने सरळ करून हाताने मोजायचा. रात्री दहा-अकराला कॅश टॅली व्हायची. पाचशेचा फरक निघाला की पुन्हा पहिल्यापासून. कोणाचे ब्लडप्रेशर चढले, कोणाची घरी बायकोपोरांवर चिडचिड झाली. ताण म्हणतात तो हाच. तरीही शाखेत कोणी कामाला विटलेला मला दिसला नाही. समोरचा दुकानदार रात्री न सांगता सेव-उसळ पाठवायचा, मॅनेजर स्वतः कॅशियरशेजारी बसून गड्ड्या बांधू लागायचे, आणि 30 डिसेंबरला हे संपणार हे सगळ्यांना ठाऊक होते. जानेवारीत मंडळींनी झोपा काढल्या आणि माणसात आली.

आता त्याच शाखेतल्या एका अधिकारी बाईंची गोष्ट. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी दांडिया बाजारातल्या आजी यायच्या. वयाने बोटांच्या रेषा झिजलेल्या, अंगठा मशीनवर उमटायचा नाही. या बाई ओल्या रुमालाने बोट पुसून देत, खुर्ची पुढे करत, "काकू, घाई नाही, परत ठेवा" म्हणत. दोन-तीन वर्षांत त्याच बाई मान वर न करता म्हणू लागल्या, "उमटत नाही, उद्या या." कामाचे तास नोटाबंदीपेक्षा कमीच होते. बदलले होते ते असे: विम्याच्या पॉलिसी खपवण्याचे टार्गेट वरून आले, ते ठरवताना शाखेला कोणी विचारले नव्हते. रोज संध्याकाळी व्हिडिओवर रिव्ह्यू, आणि आकडा शून्य असेल त्याचे नाव सगळ्यांदेखत वाचायचे. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नव्हत्या, त्यांचे काम मुकाट करणाऱ्याच्या गळ्यात पडले, म्हणजे यांच्याच. शिवाय ज्या आजीला पॉलिसीची गरज नाही तिलाच ती घ्यायला लावायची, ही टोचणी वेगळी. गणपतीला चांगली आठवडाभर रजा घेऊन आल्या. सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चेहरा होता तसा झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, बर्नआऊट हा आजार म्हणून नव्हे तर नोकरीशी निगडित स्थिती म्हणून नोंदला आहे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचला आणि त्याची नीट व्यवस्था लावली गेली नाही की ही स्थिती येते. खुणा तीन: शक्ती पार संपल्यासारखे वाटणे, कामावरून मन उडणे किंवा त्याविषयी कडवट होणे, आणि काम पूर्वीसारखे हातून होईनासे होणे. आपल्या लेखात फक्त पहिली आली. माझ्या मते साहेबाने लक्ष ठेवावे ते दुसरीवर. थकवा तर मार्चअखेर सगळ्यांनाच येतो. गोड बोलणारा माणूस गिऱ्हाइकावर खेकसू लागला किंवा नुसता "हो, हो" म्हणू लागला, तर प्रकरण पुढे गेले आहे.

बर्नआऊटवर आयुष्यभर संशोधन केलेल्या क्रिस्टिना मासलाक यांनी त्याची मुळे सहा ठिकाणी शोधली: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांचे संबंध, न्याय आणि मूल्ये. या यादीतले प्राणायामाने काय बदलते ते लेखकाने सांगावे.

रजेवरून आठवले. रिझर्व्ह बँकेचा 2021 चा आदेश आहे की संवेदनशील कामावरच्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ न सांगता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवायचे, आणि त्या काळात बँकेचा अंतर्गत ईमेल सोडून त्याच्या कामाची सगळी यंत्रणा त्याला बंद. हेतू घोटाळे उघडकीस आणण्याचा, पण ताणावर याहून चांगले औषध मी पाहिलेले नाही. फोन नाही, मेसेज नाही, गादीवर दुसरा बसलेला. ही सोय संवेदनशील कामावर नसलेल्या साध्या कारकुनालाही का मिळू नये? पाच दिवसांच्या आठवड्याची मागणीही मला रास्त वाटते. फक्त तेवढ्याने बर्नआऊट जाईल असे युनियनच्या मित्रांनी समजू नये. रागावले तरी चालेल.

ताणापुरते ज्याचे त्याने बघावे: झोप, पायी फिरणे, डबा टेबलावर न खाता उठून खाणे, रजा साठवून न ठेवणे. बर्नआऊटसाठी मात्र वरच्यांनी हलायला हवे. रिकाम्या जागा भराव्यात. टार्गेट शाखेशी बोलून ठरवावे. रिव्ह्यू आठवड्यातून एकदा पुरे, तोही कामाच्या वेळेत. तक्रारींच्या काउंटरवर एकाच माणसाला वर्षानुवर्षे बसवू नये. यातल्या निम्म्या गोष्टींना छदामही लागत नाही.

एक मात्र लेखात यायलाच हवे होते. उदासी ऑफिस सुटल्यावर, सुट्टीतही पाठ सोडत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते बर्नआऊट म्हणून अंगावर काढू नये, डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे.

पुढच्या वेळी या विषयावर पान काढाल तेव्हा योगशिक्षकांबरोबर एखाद्या विभागीय कार्यालयातल्या साहेबांनाही गाठा. शाखेचे टार्गेट कोणत्या हिशेबाने ठरते आणि शाखेत माणसे किती आहेत हे ठरवण्यापूर्वी कोणी पाहते का, एवढे दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर जसेच्या तसे छापा.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
बडोदे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)