मनोनकाशा म्हणजे सजावट नव्हे

संपादक महोदय,
परीक्षा जवळ आल्या की मुलांच्या वह्यांत रंगीबेरंगी मनोनकाशे (माइंड मॅप, म्हणजे मधल्या विषयातून फांद्या काढून केलेली टिपणे) दिसू लागतात. बहुतेकांत पुस्तकातली अख्खी वाक्येच फांद्यांवर उतरवलेली असतात. त्याने कागद भरतो, डोक्यात काही राहत नाही.

कोरा कागद आडवा घ्यावा. मधोमध विषय, समजा ‘सयाजीराव गायकवाड’. त्यातून चार-पाच जाड फांद्या: शिक्षण, ग्रंथालये, समाजसुधारणा. फांदीवर एकच शब्द. ‘शिक्षण’मधून ‘सक्तीचे’ आणि ‘मोफत’ अशा बारीक फांद्या, ‘सक्तीचे’पुढे ते संस्थानभर लागू झाल्याचे साल, १९०६. कागदाच्या कडेला जागा सुटलीच पाहिजे, नाहीतर नंतर आठवलेले कुठे लिहिणार?

खरा अभ्यास पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून तोच नकाशा आठवून काढावा आणि राहून गेलेले लाल पेनाने भरावे. मुले नेमके हेच टाळतात, कारण नुसता पाहिलेला नकाशा ओळखीचा वाटतो. ओळखीचे वाटणे वेगळे, आठवणे वेगळे. गणिताला मात्र याचा उपयोग बेताचाच. तिथे उदाहरणेच सोडवावीत.

शिक्षकांनी तयार नकाशांच्या झेरॉक्स वाटू नयेत, ही कळकळीची विनंती. कोणती फांदी कुठून काढायची हे मुलांनाच ठरवू द्यावे.

– एक शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा