एका घरातल्या एकाच संगणकावरचा तुमचा ‘फॅमिली’ पॅक: तक्रार आणि मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘फॅमिली’ सुरक्षा पॅकमधील पालक नियंत्रण सामायिक संगणकावर सदस्यनिहाय चालत नसल्याबद्दल, तसेच तुमच्या तंत्रज्ञाने मुलांच्या खात्यांना दिलेल्या ॲडमिन अधिकारांबद्दल

महोदय / महोदया,

तुमच्या कस्टमर केअरकडे मी नोंदवलेली तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली आहे. निराकरण काहीच झालेले नाही. म्हणून सगळे पहिल्यापासून, तपशीलवार लिहीत आहे. हे पत्र उत्तरे ठरलेली असलेल्या कुणाकडे न पाठवता, ज्यांना हा प्रोग्राम बदलता येतो त्यांच्यापर्यंत पोहोचवावे, ही पहिली विनंती.

आमच्या घरी एकच संगणक आहे. तो बाहेरच्या खोलीत, येता-जाता सगळ्यांना दिसेल असा मुद्दाम ठेवलेला आहे. मी त्यावर छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे भरते. मुलगी दहावीत आहे, मुलगा सहावीत. सासूबाई दुपारी कीर्तने ऐकतात. पती तिकिटे काढतात, बिले भरतात. विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते आहे. माझे एकटीचे ॲडमिनिस्ट्रेटरचे, बाकी सगळ्यांची स्टँडर्ड. मुलांना काही नवीन बसवायचे असेल तर माझा पासवर्ड लागतो. ही घडी तुमचा पॅक येण्याआधीच नीट बसलेली होती.

पॅक घेतला तो मुलासाठी. फुकट गेमच्या साइट्सवर खेळाच्या चौकटीपेक्षा भोवतालच्या जाहिरातीच मोठ्या असतात. पैसे लावा, बक्षीस जिंका, इथे दाबा, आणि त्यातल्या एकीवर बोट पडले की पुढे काय उघडेल याचा नेम नाही. अकरा वर्षांच्या मुलाला एवढ्यातून एकट्याने वाट काढायला लावणे मला योग्य वाटत नाही. तुमच्या वेबसाइटवर ‘कुटुंबातील प्रत्येक सदस्याला योग्य ते संरक्षण’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ते वाचून मी वर्षाचे १,४९९ रुपये भरले.

प्रोग्राम बसवताना त्याने वय विचारले. एकदाच विचारले. कोणाचे, ते विचारले नाही. मी फोन करून विचारल्यावर तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, ‘मॅडम, घरातल्या सगळ्यांत लहान सदस्याचे वय टाका.’ मी ११ टाकले. त्या क्षणापासून तुमच्या प्रोग्रामच्या लेखी आमचे सगळे घरच अकरा वर्षांचे झाले. मुलाच्या खात्याला जे नियम, तेच मुलीच्या, तेच माझ्या आणि तेच सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंच्या खात्याला. संगणकावर पाच खाती आहेत हे तुमच्या प्रोग्रामला दिसते, कारण त्याच्या अहवालात पाचही नावे येतात. दिसत असूनही तो वागतो एकाच मुलासारखा.

यातून काय झाले ते सांगते.

मुलगी सेमी इंग्लिशला आहे. म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत आज हीच पद्धत आहे. साहजिकच ती विज्ञानाची माहिती इंग्रजी शब्दांनी शोधते. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये सजीवांतील जीवनप्रक्रियांचा पाठ आहे. त्यात मानवी प्रजननसंस्था आहे, मासिक पाळीचे चक्र आहे, टेस्ट ट्यूब बेबी आहे. हे सगळे राज्य मंडळाच्या परीक्षेला आहे. तिने पाळीच्या चक्राची आकृती शोधली आणि समोर लाल पडदा आला. ‘हे पान प्रौढांसाठी आहे. तुमच्या पालकांना कळवण्यात आले आहे.’

ती हबकली. पण गोष्ट तिथे थांबली नाही. कळवण्याची तुमची पद्धत अशी की सूचना माझ्या ईमेलवर तर येतेच, शिवाय संगणकाच्या कोपऱ्यातही झळकते, आणि त्या वेळी जो कोणी समोर बसला असेल त्याला ती दिसते. संध्याकाळी मुलगा बसला होता. त्याने ती मोठ्याने वाचली: ताईने प्रौढांसाठीचा मजकूर उघडण्याचा प्रयत्न केला. आजी शेजारी होत्या, पाहुणे होते. मुलीचे तोंड पाहवत नव्हते. अभ्यास करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला, तिच्याच घरात, तिच्या शरीराच्या एका साध्या क्रियेबद्दल वाचले म्हणून चारचौघांत खाली मान घालावी लागली. मी तिला जवळ घेऊन समजावले, मुलालाही समजावले. तरी त्यानंतर ती घरच्या संगणकावर विज्ञानाचे काही शोधत नाही. मैत्रिणीकडे जाते. पाळीबद्दल मुलींनी संकोचाशिवाय बोलावे, विचारावे, म्हणून शाळांतून आणि आरोग्यसेविकांकडून इतकी वर्षे प्रयत्न चालले आहेत. तुमच्या एका लाल पडद्याने आमच्या घरात ते उलटे फिरवले, याचा मला मनापासून राग आहे.

सासूबाईंच्या बाबतीतही तेच. त्यांच्या छातीत गाठ लागली, डॉक्टरांनी मॅमोग्राफी सांगितली. तपासणी कशी होते, आधी काय काळजी घ्यायची, हे मी रात्री माझ्या स्वतःच्या खात्यातून, ॲडमिन असलेल्या खात्यातून शोधत होते. तिथेही बंदी. शरीराच्या अवयवाचे इंग्रजी नाव आले की पान बंद, मग ते रुग्णालयाचे असले तरी.

आणि याच्या अगदी उलट, मराठी लिपीत काहीही टाइप करा, तुमचा फिल्टर गप्प बसतो. शिव्या, अश्लील शब्द, देवनागरीत लिहिलेले सगळे सरळ उघडते. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी आणि हिंदीही तसेच. हे मी स्वतः मुलांच्या माघारी तपासले आहे आणि स्क्रीनची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. म्हणजे विज्ञान आणि आरोग्य शोधणाऱ्याला अडवायचे आणि ज्याच्यासाठी पॅक घेतला त्याला त्याच्या रोजच्या भाषेत मोकळे सोडायचे, असे काम तो करतो. महाराष्ट्रात माल विकता तर इथली मुले कोणत्या भाषेत शोधतात, याचा विचार विकण्याआधी व्हायला हवा होता.

वेळेच्या मर्यादेचे दुखणे वेगळे. रात्री ९ नंतर बंद, असा नियम मुलासाठी लावला. तो सगळ्यांना लागू झाला. महिन्याच्या २० तारखेच्या आसपास जीएसटीआर-३बी भरायची घाई असते, दिवसा पोर्टल संथ चालते, म्हणून मी रात्री बसते. विवरणपत्राला उशीर झाला की माझ्या दुकानदारांना रोजचे विलंब शुल्क लागते. ९ वाजता तुमचा प्रोग्राम माझे काम अर्ध्यात बंद करतो. पिन टाकून वाढीव वेळ घेतला, तर तो संपूर्ण संगणकाला मिळतो आणि त्या काळात फिल्टरही बंद राहतो. मी चहा ठेवायला उठले आणि मुलाने त्याच्या खात्यात प्रवेश केला, तर त्यालाही सगळे मोकळे.

शिवाय ही मर्यादा मोडायला पिनही लागत नाही. हे मला माझ्या मुलानेच दाखवले, आणि लपवून न ठेवता दाखवले याचे मला कौतुक आहे. विंडोजमध्ये स्टँडर्ड खात्यातून तारीख आणि घड्याळ बदलता येत नाही, पण टाइम झोन बदलता येतो. प्रवासात लॅपटॉप नेणाऱ्यांसाठी ती सोय ठेवलेली आहे. लंडनचा टाइम झोन निवडला की आपल्याकडचे रात्रीचे ९ हिवाळ्यात दुपारचे ३:३० होतात. तुमचा प्रोग्राम पडद्यावर दिसणाऱ्या वेळेवर विश्वास ठेवतो आणि संगणक सुरूच राहतो. एकूण किती मिनिटे वापर झाला हे मोजले असते किंवा मूळ जागतिक वेळ धरली असती, तर ही पळवाट राहिली नसती. सहावीतल्या मुलांना वर्गात जे माहीत आहे ते सुरक्षा विकणाऱ्या कंपनीला माहीत नसावे, हे मला पटत नाही.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. मुलांच्या खात्यात प्रोग्राम कधी कधी सुरूच होत नव्हता, म्हणून तुमच्या तंत्रज्ञाने दुरून संगणकाचा ताबा घेऊन दुरुस्ती केली. प्रोग्राम सुरू झाला. नंतर मी सेटिंग्ज पाहिल्या तेव्हा दोन्ही मुलांची खाती ॲडमिनिस्ट्रेटर झालेली होती. मला न विचारता, न सांगता. ॲडमिन खात्यातून कोणताही प्रोग्राम बसवता येतो, कोणताही काढता येतो, इतरांचे पासवर्ड बदलता येतात, माझ्या खात्यातल्या फाइलींपर्यंत पोहोचता येते. त्या फाइलींत माझ्या ग्राहकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत. तुमचा स्वतःचा प्रोग्रामही ॲडमिन खात्यातून काढताना पिन विचारला जात नाही, हेही मी पडताळून पाहिले. पालक नियंत्रणाचा पहिला नियम, ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचे त्याच्या हाती ॲडमिन खाते द्यायचे नाही, हा आहे. तोच तुमच्या माणसाने मोडला. मी खाती लगेच पूर्ववत केली, सगळे पासवर्ड बदलले. पण हा तंत्रज्ञ इतर किती घरांत असेच करून गेला असेल, ते तुम्ही तपासलेच पाहिजे.

या सगळ्यावर कस्टमर केअरने दिलेली उत्तरे अशी: एका संगणकावर एकच प्रोफाइल मिळते, प्रत्येक सदस्याचे वेगळे हवे असेल तर २,९९९ रुपयांचा वरचा प्लॅन घ्या. आणि दुसऱ्या फोनला: तुमच्या पॅकमध्ये तीन उपकरणे आहेत, मुलांना वेगळे लॅपटॉप घेऊन द्या. ज्या घरात दोन मुलांना दोन लॅपटॉप घेणे परवडते त्या घराला कदाचित हे उत्तर चालेल. एका संगणकावर पाच माणसे भागवतात अशी घरे आमच्या गल्लीतच कितीतरी आहेत. तुमचे ‘कुटुंब’ म्हणजे तीन उपकरणे असतील तर विक्रीच्या पानावर तसे लिहा. ‘प्रत्येक सदस्याला’ असे लिहून पैसे घ्यायचे आणि सदस्यनिहाय सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे हे नंतर सांगायचे, याला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात. मुलांच्या खात्यांबाबत जे घडले ती सेवेतील त्रुटी आहे.

अहवालाबद्दलही मला लेखी उत्तर हवे. माझ्या दोन मुलांनी काय शोधले याची नोंद तुमच्याकडे जमा होते. ती कुठे राहते, किती काळ राहते, कोण पाहू शकते आणि जाहिरातींसाठी वापरली जाते का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे, आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना कलम ९ मध्ये मनाई आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली, तरी पालकांच्या भरवशावर चालणाऱ्या कंपनीने हे उत्तर आज द्यायला हरकत नसावी. सासूबाई, पती आणि मी प्रौढ आहोत. आमच्या शोधांची नोंद ठेवायला आम्ही कधीच संमती दिलेली नाही. ती पुसून टाकावी.

माझी मागणी अशी आहे. घेतलेल्या पैशांतच, वरचा प्लॅन न लादता, विंडोजच्या प्रत्येक खात्यासाठी वेगळे नियम लावता येतील अशी सोय द्या. ते जमत नसेल तर १,४९९ रुपये पूर्ण परत करा आणि पुढच्या वर्षीची आपोआप होणारी वसुली आत्ताच रद्द करून तसे कळवा. बंदीची सूचना फक्त पालकाच्या खात्यात दिसावी, आणि तिच्यात ‘प्रौढांसाठीचा मजकूर’ असा ठपका न ठेवता नुसता पानाचा पत्ता असावा. काय योग्य, काय नाही, हे आई-बाप ठरवतील. आरोग्य आणि अभ्यासाची पाने अडू नयेत, आणि देवनागरी व इंग्रजी अक्षरांतली मराठी फिल्टरला कळावी. टाइम झोनची पळवाट बंद करा, ती सगळ्या ग्राहकांसाठी आहे. तंत्रज्ञाने खात्यांचे अधिकार का बदलले याचा खुलासा लेखी द्या. आणि माझ्या मुलीच्या नावे कंपनीने दोन ओळींची दिलगिरी पाठवावी. ही मागणी मी विचार करून केली आहे. चूक तिची नव्हती, हे आईने सांगणे आणि ज्याने ठपका ठेवला त्याने सांगणे यात फरक आहे.

हा पॅक तुमच्याच वेबसाइटवरून घेतला असल्यामुळे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. त्यानुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे मला ठाऊक आहे. उत्तर मराठीत आणि लेखी द्यावे. फोनवरचे आश्वासन मी उत्तर धरणार नाही.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक सोबतच्या पावतीप्रमाणे)

सोबत: पैसे भरल्याची पावती, खरेदीच्या दिवशीच्या विक्रीपानाचे छायाचित्र, बंद केलेल्या तक्रारीचा क्रमांक व शेरा, अडवलेल्या आणि न अडवलेल्या पानांची छायाचित्रे, खात्यांचे अधिकार बदललेले दाखवणारे सेटिंग्जचे छायाचित्र.