लायटिंग बघायला जाशील तेव्हा

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी आवाज चढवला. पोरांना घेऊन स्वातंत्र्यदिनाची लायटिंग बघायला रात्रीचं त्या गर्दीत जायचं काही कारण नाही म्हणालो, तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते "बरं" दोन दिवस टोचतंय. तुझी आईही माझ्याशी धड बोलत नाहीये. म्हणून लिहायला बसलो. जाऊ नको असं सांगायला नाही. जा. 33 वर्षं बेस्टमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांचं काम केलं, आणि माझ्याच नातवंडांनी मुंबईची लायटिंग बघायची नाही, असं कसं म्हणेन मी?

फक्त विहानचा हात सोडू नकोस.

व्हीटीला उतरलात की (मी अजून व्हीटीच म्हणतो) चौकात अशा जागी उभी राहा की एका बाजूला स्टेशन दिसेल आणि समोर महापालिकेची इमारत. ओवीला सांग, दोन्हींचा नकाशा एकाच माणसाने काढला, स्टीव्हन्स साहेबाने. स्टेशन 1888 साली पूर्ण झालं, महापालिका 1893 ला. तिला साल-बिल आवडतात, लक्षात ठेवील. तिथून टॅक्सी करून मरीन ड्राइव्हला जा. 2015 साली तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले होते. लोक इतके चिडले की पुन्हा पिवळा उजेड आणावा लागला. पण आमच्या सोडियमच्या दिव्यांची गंमत पोरांना आता दिसणार नाही. तो दिवा एकदम पेटायचा नाही. आधी फिका गुलाबी, मग केशरी, आणि चार-पाच मिनिटांनी भरगच्च पिवळा. तू कठड्यावर बसून एकेक दिवा पिकला, पिकला असं मोजायचीस. आंब्याच्या अढीसारखं.

कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या चौपायांवर कुणाला उतरू देऊ नकोस. ऑगस्टात ते शेवाळलेले असतात. भरती किती वाजता आहे ते आधी बघून घे. जावईबापूंना सांग, फोटो काढताना पोरांकडे पाठ करायची नाही. दोन मोठी माणसं, दोन पोरं, कोण कुणाचा हात धरणार हे घरातूनच ठरवून निघा. ऐनवेळी "मला वाटलं तुझ्याकडे आहे" असं होतं.

बघ, पुन्हा सुरू झालो. रागावू नकोस. तू दोन पोरं, नोकरी आणि डोंबिवलीची लोकल सांभाळतेस, तुला मी काय शिकवणार? मागच्या गणपतीत विहानला कडेवर घेऊन भरल्या एसटीतून उतरलीस, तेव्हाच आईला म्हणालो होतो, ही माझ्यापेक्षा धीराची आहे. तुला कधी सांगितलं नाही.

आणखी एक सांगितलेलं नाही. 1997 ची 14 ऑगस्ट, स्वातंत्र्याची पन्नाशी. तू 6 वर्षांची, पायात नवे लाल सँडल. आपल्या घरात आजवर गोष्ट अशी सांगतात की बाय हात सोडून पळाली आणि हरवली. आत्याने ती तुझ्या लग्नातही सांगितली, तू हसलीस. बाय, तू हात सोडला नव्हतास. महापालिकेच्या कमानीवर एक माळ बंद होती. ती आमच्या खात्याची नव्हती, ठेकेदाराची होती, तरी मला राहवलं नाही. तिथल्या वायरमनला दाखवायला मी बोट वर केलं, ते तुझ्याच हातातून सोडवून. तू घट्ट धरलं होतंस, मला झटका द्यावा लागला. तो झटका अजून हाताला आठवतो. वळून बघतो तर तू नाहीस.

वीस मिनिटं. चणेवाल्याच्या पाटीशेजारी सापडलीस. मान वर करून दिवे बघत उभी होतीस, रडत नव्हतीस. म्हणालीस, "बाबा, ती माळ लागली." घरी आलो तेव्हा आईने विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, पोरगी हात सोडून पळाली. मग ते तसंच राहिलं. तुझ्या आईलाही हे परवा फोननंतरच सांगितलं, म्हणूनच ती गप्प आहे. परवा फोनवर ओरडलो तो तुझ्यावर नव्हतो ओरडलो.

विहानच्या मनगटावर बॉलपेनने तुझा नंबर लिही. चिठ्ठी खिशात नको, पावसात भिजते. ओवीला नंबर पाठ आहे ना, एकदा म्हणून घे. शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका.

इकडे लावणी झाली. पाऊस आहे, लाईट संध्याकाळची जाते ती कधी येईल सांगता येत नाही, म्हणून त्या दिवशी मोबाईल दुपारीच चार्ज करून ठेवीन. घरी पोचलात की एक मिस कॉल दे, कितीही वाजू देत. मी जागाच आहे.

तुझा,
बाबा