अव्या, फेब्रुवारीत येतोयस तर मॅचला चल

हॉलंड, मिशिगन
डिसेंबर २०२५

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "बास्केटबॉलच बघायचं तर डेट्रॉइटला एनबीए आहे, अ‍ॅन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीची एवढी मोठी टीम आहे, आणि तू त्या गल्लीतल्या पोरांच्या मॅचला बर्फात कडमडत जातोस?" मी हसून सोडून दिलं, कारण तुला फोन ठेवायची घाई होती. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. तू फेब्रुवारीत येणारच आहेस, तर तुला काय बघायला नेणार ते आधीच सांगून ठेवतो. इथे आल्यावर "हे काय रे" म्हणायचं नाही.

ही पोरं गल्लीतली नाहीत, लेका. एनसीएए म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना. तिने १९७३ साली कॉलेजांच्या खेळाचे तीन विभाग पाडले, त्यातला हा तिसरा. इथे 'डी थ्री' म्हणतात. त्याचा एकच नियम लक्षात ठेवलास तरी पुरे: खेळतो म्हणून फीमध्ये एका डॉलरचीही सूट नाही. मार्कांवर किंवा घरची परिस्थिती बघून मदत मिळते, पण ती बॉल हातात न धरणाऱ्यालाही मिळते. आणि अशी चारशेच्या वर कॉलेजं पुरुषांचं बास्केटबॉल खेळतात! वरच्या विभागात काय चाललंय ते तू वाचलं असशीलच. २०२५ पासून तिथली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. पोरांना पैसे मिळतात याचं मला वाईट वाटत नाही, इतकी वर्षं त्यांच्या जिवावर बाकी सगळे गब्बर झालेच की. पण मी मिशिगनची मॅच टीव्हीवर लावतो आणि नावं तोंडात बसेपर्यंत निम्मी पोरं दुसऱ्या कॉलेजात गेलेली असतात. माझ्यासारख्या माणसाने जीव लावायचा कोणाला?

इथे पोरगा बहुतेक चार वर्षं राहतो. पहिल्या वर्षी बेंचवर बसून टॉवेल फिरवणारा काटकुळा मुलगा तिसऱ्या वर्षी खांदे भरून कोर्टवर येतो, तेव्हा आपल्या घरचं कोणी मोठं झाल्यासारखं वाटतं. मधल्या काळात तो किराणा दुकानात भेटलेला असतो, त्याची आई आपल्या मागच्या रांगेत बसून ओरडलेली असते, आणि तो केमिस्ट्रीत गटांगळ्या खातोय ही बातमीही आपल्यापर्यंत आलेली असते.

आमचं कॉलेज म्हणजे होप. आणि होप म्हटलं की कॅल्विन आलंच. या दोघांचं वैर तुला समजावून सांगायला मला फार कष्ट पडणार नाहीत, कारण ही सरळसरळ भाऊबंदकी आहे. १८४७ मध्ये व्हान राल्टे नावाचा धर्मोपदेशक नेदरलँड्समधून माणसं घेऊन आला आणि मिशिगन सरोवराकाठच्या जंगलात हे हॉलंड गाव वसवलं. दहा वर्षांत, १८५७ साली, त्यांच्यात चर्चवरून फाटलं. काही मंडळ्या फुटून निघाल्या आणि त्यांनी स्वतःचं चर्च काढलं. जुन्या चर्चचं कॉलेज होप, १८६६ चं, इथे हॉलंडला. फुटलेल्यांचं कॅल्विन, १८७६ चं, तिकडे ग्रँड रॅपिड्सला, जेमतेम पन्नास किलोमीटरवर. देव एक, पूर्वज एक, आडनावांच्या पुढे लागणारं 'व्हान' एक, आणि लग्नं तर एकमेकांतच. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारं जोडपं बसतं. तो होपचा, ती कॅल्विनची. एरवी दोघं एकाच थर्मासमधली कॉफी पितात. कॅल्विनच्या मॅचला तो नारिंगी स्वेटरमध्ये, ती मरून शालीत, आणि थर्मास दोन.

दोनशेहून जास्त वेळा भिडलेत हे दोघं. एवढ्याशा कॉलेजांची मॅच म्हणून तू नाक मुरडशील, म्हणून सांगतो. १९९७ च्या जानेवारीत ही मॅच ग्रँड रॅपिड्सच्या नव्याकोऱ्या व्हॅन अँडेल अरीनात ठेवली होती, तेव्हा ११ हजारांहून जास्त माणसं आली होती. तिसऱ्या विभागाच्या मॅचला! एरवी आमचं मैदान म्हणजे डिव्हॉस फील्डहाउस, २००५ साली बांधलेलं, सव्वातीन-साडेतीन हजार माणसं मावतात. त्याआधी गावच्या सिव्हिक सेंटरमध्ये खेळायचे. जुनी माणसं अजून तिथल्या गर्दीच्या आठवणी काढतात आणि नव्या मैदानात तो आवाज घुमत नाही म्हणून कुरकुरतात. मी नवा माणूस, मला हेच आवडतं. कुठेही बसलं तरी बुटांची चरचर ऐकू येते.

आता दुखरी गोष्ट. होपच्या पुरुषांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आजवर जिंकलेलं नाही. एकदाही नाही. १९९६ ला अंतिम सामन्यात रोवन कॉलेजकडून १००-९३ असे हरले, १९९८ ला परत अंतिम सामना गाठला तर समोर कोच बो रायनची प्लॅटव्हिलची टीम, ६९-५६ ने हरलो. हा बो रायन पुढे विस्कॉन्सिनला घेऊन २०१५ चा पहिल्या विभागाचा अंतिम सामना खेळला, त्यामुळे त्याच्याकडून हरण्यात कमीपणा नाही, असं आमच्यातले सगळे एकमेकांना सांगतात. या दोन्ही वेळचे आमचे कोच ग्लेन व्हान विरेन. १९७७ ते २०१० असे ३३ हंगाम एकाच बेंचवर बसले, ६६० मॅच जिंकले आणि ते एक पद राहूनच गेलं. कॅल्विनकडे मात्र दोन आहेत, १९९२ आणि २०००. म्हणजे ते दरवेळी काय बोलून दाखवतात ते तू ओळखलंस. घरी हिचंही वेगळं काही नाही. होपच्या मुलींनी १९९०, २००६ आणि २०२२ अशी तीन पदं आणलीत, तर ही म्हणते, "जिंकलेलं बघायचंय ना, मग मुलींच्या मॅचला चला." जातो आम्ही, आणि खरं सांगायचं तर पासिंग मुलींचंच जास्त सुरेख असतं. पण खाज ती खाजच.

आणि त्यावर मीठ चोळायला ट्राईन. आमच्याच लीगमधलं, इंडियानातल्या अँगोला गावचं छोटंसं कॉलेज. २०२४ ला त्यांनी अजिंक्यपद मारलं, तेही त्यांच्या घरापासून तासाभरावर, फोर्ट वेनला. मी गेलो होतो. एरवी ज्यांना हंगामभर शिव्या घातल्या त्यांच्यासाठी शेवटची दहा मिनिटं उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. आजूबाजूला होपची नारिंगी टोपी घातलेले आणखीही दोघे-तिघे होते. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मार्चचं गणित जरा वेगळं असतं, ते कळलं तरच मजा येते. स्पर्धेत ६४ टीम. प्रत्येक लीगच्या विजेत्याला थेट प्रवेश, उरलेल्या जागा बाकीच्यांत वाटायच्या. या उरलेल्या जागांना 'पूल सी' म्हणतात, आणि आमच्यासारख्यांचा फेब्रुवारीचा शेवट त्यातच जातो. आपली टीम लीगच्या फायनलला हरली की कुठे दूर पेनसिल्व्हेनियात किंवा टेक्सासात कोण जिंकतंय त्यावर आपलं नशीब. ज्या कॉलेजचं नाव आठवड्यापूर्वी माहीत नव्हतं त्यांच्यासाठी रात्री लॅपटॉपपुढे बसून देव पाण्यात घालायचे. त्या मॅचचं समालोचन बहुतेक तिथलाच एखादा विद्यार्थी करत असतो, आणि आपल्या मित्राने बास्केट मारली की नियम विसरून बोंबलतो. पूर्वी टीम निवडायला समितीची खलबतं चालायची, आम्हीही कागद-पेन घेऊन आमच्या याद्या करायचो आणि भांडायचो. २०२४-२५ पासून टीमच्या निकालांवरून क्रमवारी लावणारं एनपीआय नावाचं सूत्र आलं. न्याय्य असेल, पण आमचा भांडायचा धंदा बसला.

त्यात पैसे कमी, म्हणून पहिल्या फेऱ्या होता होईल तो बसने जाता येईल अशा अंतरातच लावतात. परिणाम असा की विस्कॉन्सिनच्या तगड्या टीम, व्हाइटवॉटर, स्टीव्हन्स पॉइंट, ऑशकॉश, यांतल्या कुणाशी तरी आपली गाठ लवकर पडायची भीती कायम. या तिघांनी मिळून किती अजिंक्यपदं घेतलीत ते तू आल्यावर सांगेन, आत्ता लिहायला जिवावर येतंय.

तुला आवडेल अशी एक भानगड सांगतो. आयोवात ग्रिनेल कॉलेज आहे. त्यांच्या कोचने अशी पद्धत काढली की दर मिनिटाच्या आत पाचच्या पाच खेळाडू बदलायचे, डिफेन्समध्ये नुसती धावपळ उडवून द्यायची आणि दिसेल तिथून तीन पॉइंटचा शॉट घ्यायचा. २० नोव्हेंबर २०१२ ला त्यांच्या जॅक टेलरने एका मॅचमध्ये १३८ पॉइंट केले. १०८ शॉट मारले पठ्ठ्याने! त्या दिवशी आख्ख्या देशाला तिसरा विभाग आठवला. मला ती मॅच म्हणजे तमाशा वाटते. चार जण एकाला बॉल पुरवत राहिले, यात खेळ कुठे आला? समोरचा संघही फार दुबळा होता. पण तू रेकॉर्डवाला माणूस, तुझं मत वेगळं असणार.

इथून वर जाणारा क्वचितच. डंकन रॉबिन्सन एक. मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजात पहिल्या वर्षी होता, २०१४ ला अंतिम सामना व्हाइटवॉटरकडून अगदी शेवटच्या क्षणी ७५-७३ असा हरला, मग मिशिगनला गेला आणि पुढे मायामीकडून दोनदा एनबीएची फायनल खेळला. आता तो डेट्रॉइटला आलाय, म्हणजे तुझ्या एनबीएच्या हट्टापायी तिकडे गेलो तरी मी डी थ्रीचाच माणूस बघणार. बाकी सगळ्यांचा खेळ इथेच संपतो. मे महिन्यात ते नर्स, शिक्षक, अकाउंटंट होतात. आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तरी डिसेंबरच्या पहाटे वेट्स उचलायला येतात.

गेल्या हंगामातली एक मॅच. चौदा सेकंद उरलेले, आम्ही एकाने मागे, आणि आमच्या चौथ्या वर्षाच्या पोराला फाउल मिळाला. इथे हाफमध्ये सात फाउल झाले की 'वन अँड वन': पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मिळतो. मी रिंगच्या मागे, तिसऱ्या रांगेत. त्याने तळहात चड्डीला पुसले, बॉल तीनदा आपटला, गुडघ्याला बांधलेली पट्टी उगाच वर ओढली. माझ्या पुढची ती मरून शालवाली आजी त्या दिवशी साध्या स्वेटरमध्ये होती, ती पुटपुटली, "गुडघे वाकव रे." बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला. पण तो तिथे उभा राहिला नाही. आपल्याच चुकलेल्या बॉलवर उडी घेतली, दोघांच्या हातांतून तो बाहेर ढकलला आणि स्वतः पहिल्या रांगेत येऊन कोसळला. कुणाच्या तरी पॉपकॉर्नचा सडा. बॉल आमच्याच पोराकडे गेला, पण त्याचाही शॉट पडला नाही आणि आम्ही हरलो. तो उठला, त्या माणसाला "सॉरी" म्हणाला, कोपराला लागलेलं पॉपकॉर्न झटकलं आणि हात मिळवायच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आता ग्रँड रॅपिड्सच्या एका शाळेत गणित शिकवतो म्हणे.

आणखी एक गोष्ट आहे, ती फोनवर बोलवत नाही. ही छोटी कॉलेजं बंद पडतायत, अव्या. मुलं कमी, खर्च जास्त. फिलाडेल्फियाजवळच्या कॅब्रिनीने २०१२ ला राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता, अवघ्या तीन पॉइंटनी हरले. २०२४ ला कॉलेजच बंद झालं. आमच्या मिशिगनच्या पार उत्तरेला हँकॉक गावात फिनलँडहून आलेल्या लोकांनी काढलेलं फिनलँडिया होतं, तेही २०२३ ला गेलं. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्नची बेसबॉल टीम तर २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा खेळत असतानाच कॉलेजला टाळं लागलं. त्या कॉलेजच्या म्हाताऱ्या प्रेक्षकांनी शनिवारी दुपारी जायचं कुठे? होप सध्या धडधाकट आहे, पण हल्ली तिकीट काढताना "सीझन पास घेऊनच टाकू" असं मीच आधी म्हणतो.

तर आता कामाचं. होप आणि कॅल्विन हंगामात एकदा इथे, एकदा तिकडे खेळतात, शिवाय फेब्रुवारीच्या शेवटी लीगची स्पर्धा असते. विमानाचं तिकीट काढायच्या आधी मला तारखा विचार. जाड तळव्याचे बूट आण. गावातल्या मुख्य रस्त्यावर बर्फ साचत नाही, फुटपाथखालच्या नळ्यांतून वीजकेंद्राचं गरम पाणी फिरवतात, पण आमच्या गल्लीत ती चैन नाही. चितळ्यांची बाकरवडी दोन पाकिटं जास्तीची आण, पुढच्या रांगेतल्या आजोबांना चटक लागलीय. आणि तो तुझा मरून स्वेटर घरीच ठेव, नाहीतर तुला आजीच्या बाजूला बसवीन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
बंड्या

ता. क. वहिनींना ट्युलिप बघायचेत असं म्हणत होतास. ते मे महिन्यात फुलतात, आणि मेमध्ये बास्केटबॉल नसतं. तुमचं भांडण तिकडेच मिटवून मग फोन कर. मी कोणाच्या बाजूने आहे ते तुला माहीत आहे.