घरसामानाची यादी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाई, नदीतला गाळ आणि धोक्याची पातळी यांवर आपल्या दैनिकात नेमाने मजकूर येतो आणि तो यायलाच हवा. मात्र पाणी घरात शिरून गेल्यावर विम्याचा दावा कशाच्या आधारे करायचा, याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावर ते पंख्याच्या पात्यांना टेकले होते. चिखल उपसताना कुजू लागलेले सामान आम्ही फोटो न काढताच रस्त्यावरच्या ढिगात टाकले. पाचव्या दिवशी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले आणि त्यांनी घरात काय काय होते ते लिहून मागितले. फ्रिज आणि वॉशिंग मशीन समोर दिसत होते; पण गाद्या किती होत्या, आईच्या ट्रंकेत कोणती लुगडी होती, शिलाई मशीन कोणत्या साली घेतले, हे घरातल्या तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितले. पावत्यांची फाइल कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात होती, तिचा लगदा झाला होता. ज्या दोन-चार पावत्या वाळवून हाती लागल्या, त्यांवरची छपाई पुसट होऊन वाचण्याजोगी राहिली नव्हती. पुढे दिवाळीत आकाशकंदील टांगायला ड्रिल मशीन शोधू लागलो, तेव्हा तेही पुरात गेल्याचे आणि दाव्यात लिहायचे राहिल्याचे लक्षात आले.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीचा विमा काढला की तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरसामानाला यादी न देताही संरक्षण मिळते. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे यादीची गरजच नाही असा समज होतो. ती केवळ मर्यादा आहे. प्रत्यक्ष काय गेले आणि त्याची किंमत किती, हे आपणच दाखवावे लागते. दागिने आणि कलावस्तू यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. भाडेकरूंनाही केवळ सामानाचा विमा काढता येतो आणि तो किती रकमेचा काढावा, हे यादी केल्याशिवाय कळणे कठीण.

यादीला एक रविवार पुरतो. एकेका खोलीत मोबाइलवर चित्रीकरण करावे, कपाटे आणि ट्रंका उघडून दाखवाव्यात, वस्तूचे नाव व खरेदीचे साल तोंडाने सांगावे. फ्रिज-टीव्हीच्या मागच्या पट्टीवरील मॉडेल आणि अनुक्रमांकाचा जवळून फोटो घ्यावा, सोन्याच्या पावतीवरचे वजन टिपावे, नवी पावती त्याच दिवशी फोटोत ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही नोंद त्याच घरात राहू नये. आमची एक प्रत आता ईमेलमध्ये आहे आणि दुसरी पुण्याला बहिणीकडे.

विमा कंपन्यांनी पॉलिसीसोबत मराठीतला यादीचा कोरा नमुना द्यावा, एजंटांनी नूतनीकरणाच्या वेळी तो समोर बसून भरून घ्यावा आणि तोवर आपल्या दैनिकाने दर मे महिन्यात असा नमुना कापून ठेवता येईल अशा आकारात छापावा, ही विनंती.

– एक पूरग्रस्त वाचक, चिपळूण