ताप नसला तरी

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या पायाची जखम लाल झाली तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "ताप नाही, मग कशाला डॉक्टर?" तरी तुम्ही जाऊन आलात, बरं झालं. पण ते "ताप नाही" माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या आयसीयूत सेप्सिसचे पेशंट नेहमीच असतात. संसर्ग एका जागी असतो, लघवीत, छातीत नाहीतर अशाच एखाद्या जखमेत. त्याच्याशी लढताना शरीराचा ताबा सुटतो आणि मूत्रपिंडं, फुप्फुसं निकामी होऊ लागतात. उतारवयात ताप येतोच असं नाही. उलट कधी अंग गार पडतं, थर्मामीटर ९७ च्याही खाली जातो.

म्हणून मी आधी श्वास मोजते. पूर्ण एक मिनिट, पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि बोलण्यात गोंधळ. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की धोका मोठा. मी तर एक दिसली तरी डॉक्टरांना बोलावते.

आई, बाबा झोपलेले असताना पोटाची हालचाल बघून तुलाही मोजता येईल. काल नीट बोलणारा माणूस आज वार विसरला, सकाळपासून लघवीला गेला नाही, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नकोस. लोक असं सोडून देतात त्याचा मला फार राग येतो.

अशा वेळी सकाळची वाट बघू नका. आधी १०८ ला फोन, मग मला. बाबा, संकोच न करता "सेप्सिस असेल का?" असं डॉक्टरांना विचारा. ते कल्चरसाठी, म्हणजे कुठला जंतू आहे ते शोधायला, रक्त काढतील, रक्तातलं लॅक्टेट बघतील (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की ते वाढतं), शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू करतील. बीपी पडलेलं असेल तर अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. कदाचित लघवीची नळी घालतील, घाबरू नका. ६० किलोच्या माणसाला ताशी निदान ३० मिली लघवी होते की नाही, हे आम्ही त्यावरून बघतो. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र घेऊ नका, त्यानं कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं.

चालू गोळ्यांची यादी फ्रिजवर लावून ठेवा. आणि आई, बाबा बरे असतानाचा श्वासाचा आकडा मला रविवारी फोनवर सांग.

तुमची लेक