सगळी बंडे यॉर्क घराण्याच्या नावावर खपवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्याविरुद्धच्या बंडांवर आलेला लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. लेख लॅम्बर्ट सिम्नेलपासून सुरू होतो आणि पर्किन वॉरबेकपाशी संपतो; दोघेही यॉर्क घराण्याचे वारस म्हणवणारे तोतये. भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना तोतये रंगतात हे मला समजते. सिम्नेलला १४८७ मध्ये डब्लिनला मुकुट चढवला गेला, हा प्रसंग आहेही तसाच. पण हेन्रीने गादीवरून हटवलेल्या यॉर्क घराण्याचा गादीवरचा दावा एवढेच बंडांचे कारण होते, हे लेखकांचे विधान मला मुळीच मान्य नाही.

१४८९ मध्ये यॉर्कशायर पेटले ते फ्रान्सलगतच्या ब्रिटनी या संस्थानाच्या मदतीसाठी बसवलेल्या करामुळे. स्कॉटलंडची सीमा आम्ही राखतो, मग दूरच्या लढाईचा भार आमच्यावर का, ही तिथल्या लोकांची तक्रार होती. लोकांशी बोलायला गेलेला नॉर्थम्बरलंडचा अर्ल थर्स्कजवळ मारला गेला. १४८५ मध्ये हेन्रीने यॉर्क घराण्याचा राजा तिसरा रिचर्ड याला हरवले, त्या बॉसवर्थच्या रणात तो रिचर्डच्या मदतीला धावला नाही, याचा रागही त्यामागे असावा असे मानले जाते. तेवढ्यापुरता यॉर्कचा संबंध मी मान्य करते.

कॉर्नवॉलचे तर लेखात नावही नाही. १४९७ मध्ये स्कॉटलंडवरील स्वारीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या कथिलाच्या खाणकामगारांकडून कर मागितला गेला आणि सेंट केव्हर्नचा लोहार मायकेल जोसेफ व बॉडमिनचा वकील टॉमस फ्लॅमँक हजारो माणसे घेऊन थेट लंडनच्या वेशीवर, ब्लॅकहीथला येऊन थडकले. त्यांचा रोख राजाच्या गादीवर नव्हता, तर कार्डिनल मॉर्टन आणि रेजिनाल्ड ब्रे या सल्लागारांवर होता. १७ जूनला त्यांचा मोड झाला आणि दहा दिवसांनी दोघांना देहदंड दिला गेला. स्कॉटलंडने वॉरबेकला आसरा दिला होता, त्यामुळे या करामागे तो होता हे खरे. पण तो स्वतः कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर उतरला सप्टेंबरमध्ये. मग जूनच्या बंडाचे श्रेय त्याला कसे देता येईल?

मला हे इतके लागण्याचे कारण घरचे आहे. माझ्या भाचीने पदवी परीक्षेत नेमक्या याच प्रश्नाच्या उत्तरात कॉर्नवॉलच्या करावर पानभर लिहिले होते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, तेव्हा त्या पानावर लाल शाईची तिरकी रेघ आणि समासात ‘विषयांतर’ असा शेरा होता. पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरूनही गुण तेवढेच राहिले. ज्या मुलीने कारणांचा शोध घेतला तिचे गुण कापले गेले आणि ज्यांनी दोन तोतयांची नावे पाठ केली त्यांना ते मिळाले, हा अन्याय मी विसरू शकत नाही. आपल्या पुरवणीची कात्रणे मुले वहीत चिकटवतात. त्यामुळे तीच अर्धवट मांडणी आपल्याकडून छापली जाणे मला अधिक गंभीर वाटते.

जाता जाता, लेखासोबतचे चित्र आठव्या हेन्रीचे आहे. सातव्याचे १५०५ मधले, हातात लाल गुलाब धरलेले व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. पुढच्या रविवारी चित्राची दुरुस्ती छापावी आणि कॉर्नवॉल व यॉर्कशायरच्या करांवर लेखकांकडूनच पुरवणी लेख मागवावा, ही विनंती.

आपली,
इतिहासाची निवृत्त शिक्षिका, सातारा